पहाटे गरम होणारा ओव्हन

सगळी गल्ली त्यांना ‘थांबा मिस्त्री’ म्हणायची, आणि त्याला कारण होतं. घरातला ओव्हन बिघडला की बाई त्यांना बोलावून आणायची आणि दार उघडताच सुरू व्हायची. काल केक असा झाला, परवा पाव तसा झाला. मिस्त्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच उभे राहायचे, हात वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा." मग बराच वेळ काही करायचेच नाहीत. हत्यारांची पिशवी खांद्यावर तशीच. आधी नाक, मग कान, मग डोळे, हात सगळ्यात शेवटी, असा त्यांचा क्रम होता. नवख्या बाईला वाटायचं, म्हातारा उभ्या उभ्या झोपला की काय.

"अहो मिस्त्री, ओव्हन तिकडे आहे," एखादी म्हणायची.

"दिसतोय. आधी त्याला बोलू द्या. तुमचं नंतर ऐकतो."

ओव्हन बोलतो, असं ते खरंच मानायचे, आणि त्यात गूढ काही नव्हतं. पाव एका बाजूने करपला आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहिला, तर उष्णता कुठूनतरी पळतेय. मग ते खिशातून कागदाची पट्टी काढायचे, दारात धरून दार लावायचे आणि ओढायचे. पट्टी अडून राहिली तर दार ठीक. अलगद हातात आली तर दार घट्ट बसवणारी कड गेली. तापायला नेहमीपेक्षा वेळ लागला, बंद केल्यावरही पत्रा कोमट राहिला, ज्योत निळी सोडून पिवळी झाली, मागच्या भिंतीवर काजळी धरली, यातलं काहीही झालं तर मला बोलवा, असं ते प्रत्येक घरी बजावून यायचे. बिघाड एका दिवसात होत नाही, तो आधी चार वेळा निरोप धाडतो, निरोप घेणारं कोणी नसतं, असं त्यांचं म्हणणं.

एका घरात तर त्यांनी ज्योत पाहिली आणि बाईशी एक शब्द न बोलता सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. थंडीचे दिवस. बाई भडकली.

"ओव्हन दुरुस्त करायला बोलावलंय तुम्हाला, घर गोठवायला नाही!"

"बाई, पिवळ्या ज्योतीचं विष दिसत नाही आणि त्याला वासही नाही. खिडकी बंद असली की ते खोलीत साठतं. आधी डोकं धरतं. मग झोप येते. मग नको नको ते दिसायला लागतं, आणि मग माणूस त्या झोपेतून उठत नाही. पांघरुणं दोन घ्या, पण खिडकी बोटभर उघडी ठेवा."

हे त्यांना पाठ होतं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं, आणि चोख केलं. पाना नटावर पूर्ण बसल्याशिवाय जोर लावायचा नाही. जोर लावायचा तो एकदाच. पाना घसरला की नटाची धार जाते, आणि पुढच्या माणसाला आपलं पाप निस्तरावं लागतं. हातात कंप सुरू झाल्यावर त्यांनी रोजचं काम सोडलं. जुन्या घरांतून निरोप आला तर जायचे, एरवी घरीच.

घर म्हणजे जिन्याखालच्या दोन खोल्या, बाहेरची आणि स्वयंपाकाची. आणि स्वयंपाकाच्या खोलीत अर्धी भिंत अडवून बसलेला तो ओव्हन. तीन मोडक्या ओव्हनचे भाग जुळवून मिस्त्रींनी तो लग्नानंतर लगेच उभा केला होता. जुन्या पद्धतीचा, गॅसच्या लाइनवर चालणारा, आत एक बारीक ज्योत कायम तेवत ठेवणारा. मुख्य कॉक उघडला की त्या बारीक ज्योतीवरून मोठा बर्नर पेट घ्यायचा, भप्प असा आवाज करून. बायको रोज पहाटे उठून तो पेटवायची. पाव आणि बिस्किटं भाजून गल्लीत द्यायची. पाव झाला की तो उलटा करून बुडाला बोटाच्या पेराने टकटक करायची. पोकळ आवाज आला की म्हणायची, "झाला गं बाई एकदाचा." बाहेरच्या खोलीत मिस्त्रींना त्या टकटकीने जाग यायची. त्यांना घड्याळ कधी लागलं नाही.

पानगळीच्या दिवसांत ती गेली. आजारपण थोडंच झालं. लेक लांब, तिचे दिवस भरत आलेले. तिला प्रवास झेपणारा नव्हता. ती फोनवर रडली आणि तिकडेच राहिली.

त्यानंतर एका पहाटे मिस्त्रींना जाग आली. कशाने, ते आधी कळेना. मग लक्षात आलं. भप्प असा आवाज झाला होता.

ते उठून आत गेले. दिवा लावला नाही. ओव्हनच्या दाराची काच तांबूस दिसत होती. कॉकला हात लावून पाहिला, तर बंद. पत्र्यावर तळवा टेकला. कोमट. बायकोने पेटवून थोडा वेळ झाला की असायचा, तितकाच.

दुसऱ्या कोणाच्या घरात त्यांनी हे चालता चालता सांगितलं असतं. व्हॉल्व्हच्या आतलं ग्रीस वाळलंय, कॉक बंद दिसतो पण पूर्ण बसत नाही. दिवसा सगळी गल्ली गॅस ओढते तेव्हा दाब कमी असतो, पहाटे कोणीच ओढत नाही, दाब चढतो, फटीतून गॅस सरकतो आणि तेवत्या ज्योतीवर पेटतो. गल्ली जागी झाली की पुन्हा विझतो. उघडा, पुसा, ग्रीस लावा, झालं. दुपारच्या चहाआधी होणारं काम.

मिस्त्री तळवा पत्र्यावर ठेवून तसेच उभे राहिले. उजाडायला लागलं तसा ओव्हन गार होत गेला, आणि गार होताना आतला पत्रा वाजला. टक. टकटक.

"झाला का?" मिस्त्रींनी विचारलं.

त्यांनी व्हॉल्व्ह उघडला नाही. त्या दिवशी नाही, पुढचे कितीतरी दिवस नाही.

मग रोजच असं व्हायला लागलं. त्यांना पुन्हा पहाटे जाग यायला लागली, अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटायला लागलं. मध्येच ओव्हनचं दार आपसूक केसभर उघडायचं, आतून ऊब यायची, कोणीतरी डोकावून पुन्हा आत गेल्यासारखं. बिजागरीची स्प्रिंग थकलीय, हे त्यांना माहीत होतं. ते दार हलक्या हाताने लावायचे. थोड्या दिवसांनी ओव्हनच्या वरच्या भिंतीवर काजळी धरायला लागली. आधी एक डाग. मग तो खाली पसरला, मध्ये आवळला, पुन्हा रुंद झाला. वर डोकं, खाली खांदे, आणि डोकं किंचित डावीकडे कललेलं. बायको पीठ मळताना अशीच मान कलती करायची. मिस्त्री दरवर्षी थंडीच्या तोंडाशी ती भिंत स्वतः चुन्याने रंगवायचे. यंदा चुना आणला, डबा कोपऱ्यात ठेवला आणि भिंतीकडे पाठ केली.

वरच्या मजल्यावरच्या मावशी एकदा वाटी परत द्यायला आल्या, त्यांनी भिंत पाहिली.

"मिस्त्री, दुसऱ्यांच्या भिंतीवर डाग दिसला की जीव खाता त्यांचा. हे काय?"

"जुनं मशीन आहे."

"मशीन जुनं आहे की मालक?" मावशी हसल्या. पण जाताना त्यांनी भिंतीकडे पुन्हा पाहिलं आणि पदर ओढून घेतला. "बाई गं. माणसासारखं दिसतंय हो."

 मिस्त्रींना आतून बरं वाटलं. आपल्याला एकट्यालाच दिसत नाही म्हणायचं.

अशात लेक आली, तान्हं बाळ घेऊन. जावई कामासाठी दूर गेलेला, थंडी संपेपर्यंत परतणार नव्हता. आईच्या घरात आई नाही, हे तिला उंबऱ्यावरच जाणवलं. बाळाला छातीशी धरून ती जरा वेळ दारातच उभी राहिली.

"बाबा, बाहेरची खोली गार आहे हो. ह्याला कुठे निजवू?"

"आत. ओव्हनची ऊब असते तिथे. तुझी आईच आहे म्हण ना."

त्यांनी लेकीची खाट स्वयंपाकाच्या खोलीत, ओव्हनसमोरच्या भिंतीला लावली. मग खिडकीकडे पाहिलं. बायकोने त्या खिडकीत लाकडाची एक पाचर कायम अडकवून ठेवली होती, बोटभर फट राहावी म्हणून. वाऱ्याची तिरीप थेट खाटेवर येत होती. मिस्त्रींनी पाचर काढली, खिडकी ओढून घेतली, फटींत कापडाच्या पट्ट्या पेचकसाने ठासून बसवल्या. काम अर्धवट सोडायची सवय नव्हती. वाऱ्याने हलू नये म्हणून त्यांनी कडीत एक खिळा ठोकला. वरच्या झरोक्यातही बोळा घातला. हात ओला करून सगळीकडून फिरवून पाहिला. कुठूनही वारा लागत नव्हता. काम पक्कं झालं होतं.

आयुष्यभर घराघरांत खिडक्या उघडत हिंडलेल्या माणसाने स्वतःच्या नातवाची खिडकी खिळ्याने बंद केली, आणि त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. कारण ओव्हनने पाठवलेले सगळे निरोप त्याने आधीच दुसऱ्या कोणाच्या नावावर लावून टाकले होते.

सुरुवातीला सगळं छान चाललं. बाळ शांत होतं. मावशी येऊन कौतुक करायच्या.

"किती गुणी गं! रडत म्हणून नाही. आमचा होता, त्याने चाळ डोक्यावर घेतली होती."

"झोपतो नुसता," लेक म्हणायची. "दूध पितापिताच डोळे मिटतो."

"आणि तू? गाल बघ कसे फुललेत. माहेरचं पाणी मानवलं हो."

लेकीचे गाल खरंच लाल झाले होते. डोकं दुखतं म्हणायची, तेवढंच. जागरणाचं असेल. मिस्त्रींचंही सकाळी डोकं जड असायचं. ते बाहेरच्या खोलीत दाराजवळ झोपायचे, दाराखालून वारा यायचा. अंगणातल्या नळावर तोंड धुतलं की बरं वाटायचं. वयाचं असेल.

एका दुपारी ते बाहेरून आले, तर आत बोलणं चाललं होतं. लेकीचा आवाज. थोडं बोलायची, थांबायची, "हो, हो, कळलं" म्हणायची, पुन्हा बोलायची. ऐकणारं कोणीतरी आहे आणि ते उत्तर देतंय, असं वाटावं इतकं ते बोलणं सरळ होतं. मिस्त्री दाराशी थांबले. आधी कान. दुसरा आवाज येत नव्हता.

"कोणाशी बोलतेस?"

"आईशी," लेक म्हणाली. उशीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर. चेहऱ्यावर हसू होतं, झोपेतून अर्धवट उठलेल्या माणसाचं असतं तसं.

मिस्त्रींना भीती वाटली नाही.  आपण इतके दिवस तळवा टेकून उभे राहतो, विचारतो, आणि आपल्याला टकटकीपलीकडे काही मिळत नाही. आणि ही आल्या आल्या गप्पा मारते!

"काय म्हणते?"

"काही नाही. दमलीय. तुम्हाला दिसत नाही का ती?"

"नाही."

"रोज येते. तुम्ही उजाडता उजाडता ओव्हनपाशी उभे असता ना, तेव्हा तुमच्या मागेच उभी असते."

मिस्त्री वळून पाहणार होते. पाहिलं नाही. मानेवरून थंड बोट फिरल्यासारखं झालं, आणि तरी त्यांना वाटलं, हलू नये. हललो तर जाईल.

त्यानंतर ते घराबाहेर पडेनासे झाले. कोणाचा निरोप आला तर बरं नाही म्हणून सांगायचे. दोघं बापलेक त्या उबदार, बंद खोलीत बसून राहायची. बोलणं कमी होत गेलं. मावशींनी एकदा हाक मारली तर कोणी उत्तरच दिलं नाही, दोघं एकमेकांकडे पाहत बसली, उत्तर देणं दुसऱ्याचं काम असल्यासारखी. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळायचं. भिंतीवरच्या डागाला आता हातही फुटले होते. एक लांब, दुसरा अर्धवट.

मग ती सकाळ आली. मिस्त्री नळावरून तोंड धुऊन आत आले. नेहमीप्रमाणे गल्ली जागी होती, तरी त्या दिवशी ओव्हन विझला नव्हता. लेक आडवी पडून होती, डोळे उघडे.

"बाबा," ती म्हणाली, जीभ जड झालेली, "आईला काहीतरी हवंय हो."

"काय हवंय?"

"माहीत नाही. ऊब नको म्हणते. इथे येतच नाही आता खाटेपाशी. तिकडे खिडकीशीच उभी असते. कडी ओढते. एकाच हाताने ओढते, निघत नाही तिला. किती वेळ ओढतेय बिचारी. तुम्ही मदत करा ना तिला."

मिस्त्रींनी खिडकीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. ओली काच, कापडाच्या पट्ट्या, कडीतला खिळा. त्यांनी स्वतः ठोकलेला, डोक्यापर्यंत नीट बसलेला.

आणि मग त्यांनी ते केलं, जे ते प्रत्येक घरात सगळ्यात आधी करायचे आणि या घरात त्यांनी इतके दिवस केलं नव्हतं. उंबऱ्यावर मागे सरकून उभे राहिले आणि खोलीला बोलू दिलं. ओव्हनच्या काचेआड ज्योत उंच, पिवळी, आळसावल्यासारखी डुलत होती. भिंतीवर काजळी होती, माणूस नव्हता. लेकीचे गाल लाल होते, आणि तो लाल रंग त्यांनी पूर्वी एका घरात पाहिला होता. त्या घरात त्यांच्या आधी पोलीस पोचले होते.

त्यांनी बाळाला उचललं. मान लुळी मागे पडली.

 पायाने कॉकमागचा मुख्य नळ फिरवून त्यांनी लाइन तोडली. खिळा उपटायला वेळ नव्हता. पिशवीतला सगळ्यात मोठा पाना काढून त्यांनी काचेवर मारला. एकदाच. सगळी काच बाहेर गेली आणि थंड हवा धबधब्यासारखी आत कोसळली. बाळाला घेऊन ते जिन्याच्या तोंडाशी आले, ओरडले, "मावशी! मावशी, धावा!" बाळ त्यांच्या हाती देऊन परत आत गेले आणि लेकीला काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं. तिच्या टाचा फरशीवर घासत होत्या. ती पुटपुटत होती, "तिला पण घ्या, बाबा. तिला पण बाहेर घ्या."

अंगणात मावशी बाळाच्या पाठीवर हात चोळत होत्या, तळवे चोळत होत्या, रडत होत्या आणि शिव्याही देत होत्या, कोणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. बराच वेळ काही झालं नाही. मग बाळाने तोंड वाकडं केलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच टाहो फोडला.

"रड रे राजा," मावशी म्हणाल्या. "घे चाळ डोक्यावर."

दवाखान्यात दोघांनाही नळीने प्राणवायू लावला. डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रींचंही रक्त तपासलं, त्यांनाही थोडा वेळ मास्क लावून बसवलं. बाळाला काही दिवस नजरेखाली ठेवू, म्हणाल्या, पण वेळेत आणलंत. मिस्त्रींनी मान हलवली. ‘वेळेत’ हा शब्द त्यांना गिळता येत नव्हता.

संध्याकाळी लेकीचं डोकं ताळ्यावर आलं. तिने आधी बाळाला पाहिलं, मग छताकडे.

"मग ती आई नव्हती, बाबा?"

"गॅस होता, पोरी. हवा संपली की डोकं काहीही दाखवतं. चूक माझी. खिडकी मी बंद केली."

 बाळाच्या मुठीत तिचं बोट होतं.

"असेल," ती शेवटी म्हणाली. "पण एक सांगा. तिच्या डाव्या हाताला फडकं का गुंडाळलेलं होतं?"

मिस्त्रींनी मास्कची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

शेवटच्या आठवड्यात बायकोचा हात ओव्हनच्या दारावर भाजला होता. डावा. अंगात त्राण नसताना पाव काढायला गेली होती. मिस्त्रींनी जुन्या धोतराचं फडकं फाडून बांधलं, कोणाला सांगू नकोस म्हणाली, म्हणून सांगितलं नाही. मावशींनाही नाही. लेकीला तर फोनवर ती धडधाकट असल्याचंच सांगत आली. फडकं सुटलं ते ती गेल्यावरच, आणि ते मिस्त्रींनी स्वतः सोडवलं होतं.

"माहीत नाही," मिस्त्री म्हणाले.

"एकाच हाताने ओढत होती," लेक म्हणाली आणि कूस वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री घरी आले. फुटक्या खिडकीतून पाला आत आला होता, खाटेवर पसरला होता. मावशी पाठोपाठ आल्या.

"भंगारवाल्याला हाक मारू का? मला तर बघवत नाही ते धूड."

"नको."

"अहो, जीव घेत होतं पोरांचा!"

"त्याने काही घेतलं नाही. तो सांगत होता. दुरुस्त होत असेल त्याला भंगारात घालू नये. आणि दुसरा कोणी उचलून नेईल, आहे तसाच पेटवेल. त्याचं काय?"

मावशी गेल्यावर ते उंबऱ्यावर उभे राहिले.   काल सकाळपर्यंत त्यांना वाटत होतं की ओव्हन दुरुस्त केला तर बायको यायची थांबेल. आज दवाखान्यातून येताना वाटभर ते स्वतःला समजावत आले होते, की कोणी येतच नव्हतं, थांबायचं काय? पण ते फडकं काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. समजा आली होती. समजा तीच होती. तरी पुढच्या पहाटे ज्योत पेटली तर या घरात लेक आणि नातू राहू शकत नाहीत. दोन्ही एकदम ठेवता येत नव्हतं.

"तूच सांगितलंस ना," ते मोठ्याने म्हणाले. आणि पिशवी उघडली.

व्हॉल्व्ह आधी. पाना पूर्ण बसवला, जोर एकदा. आत ग्रीस राखेसारखं कोरडं झालं होतं. घासलं, पुसलं, कॉकचं जे टोक आत बसतं ते बारीक पॉलिशने काचेसारखं केलं, नवं ग्रीस लावलं. भप्प आवाज यातून यायचा. तो गेला. बर्नरमध्ये हवा घ्यायच्या तोंडाशी पिठाचा आणि धुळीचा बोळा अडकला होता. वर्षानुवर्षं मळलेल्या पिठाचा. तो तारेने ओढून काढला, क्षणभर चिमटीत धरला आणि कचऱ्यात टाकला. तळाच्या पत्र्याचा एक स्क्रू ढिला होता, गार होताना पत्रा वाजायचा तो त्याच्यामुळेच. स्क्रूवर पेचकस टेकवून मिस्त्री बराच वेळ बसले. मग आवळला. बिजागरीची स्प्रिंग बदलली. दाराला नवी कड लावली, कागदाची पट्टी अडकवून ओढली. पट्टी फाटली पण निघाली नाही. सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं. बुडबुडा आला नाही.

भिंत शेवटी. चुना भिजवला आणि पायांकडून वर रंगवत गेले. खांद्यांपर्यंत आले तेव्हा कुंचला थांबला. बाहेर कोणाचं तरी पोर चेंडू आपटत होतं. मिस्त्रींनी कुंचला पुन्हा बुडवला.

खिडकीला नवी काच बसवली, पण कडी काढूनच टाकली आणि बायकोची पाचर चौकटीत खिळ्याने पक्की केली. आता ती खिडकी कोणालाही पूर्ण बंद करता येणार नव्हती.

मग ते पहाटे उठून ओव्हनसमोर स्टुलावर बसले. बारीक ज्योत निळी होती, सरळ, कणभर हलत नव्हती. दाब चढायची वेळ आली. ओव्हन गप्प. त्यांनी तळवा टेकला, पत्रा बर्फासारखा होता. उजाडलं. खिडकीतून उजेड पांढऱ्या भिंतीवर पडला. काही वाजलं नाही. काम चोख झालं होतं, आयुष्यात केलेल्या कोणत्याही कामाइतकं चोख. मिस्त्री स्टुलावरून उठले आणि त्यांना एकदम खूप म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

असे आणखी काही दिवस त्यांनी तपासलं. रोज तसंच. मग त्यांनी दवाखान्यात जाऊन लेकीला सांगितलं, घर राहण्याजोगं झालंय.

लेक घरी आली ती दुपारची. बाळ तिच्या खांद्यावर जागं होतं, हातपाय झाडत होतं. बाहेरची खोली ओलांडून ती आतल्या उंबऱ्याशी आली आणि तिथेच थांबली. ओव्हनकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, खिडकीपाशी तिची नजर अडली. बाळाला तिने घट्ट धरलं. पाय पुढे टाकेना. मिस्त्रींच्या लक्षात आलं, ती घाबरलीय. आणि हेही लक्षात आलं, की ती वाटही पाहतेय.

ते आत खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. त्यांनी चारी बाजूंना नीट, सावकाश पाहिलं. मग हात पुढे केला.

"ये, पोरी," ते म्हणाले. "आत कोणी नाही."